उंचीच्या भरवशावर

विनोद चुरी बोईसरच्या एका शाळेत खेळाचे मास्तर होते. राहायला उमरोळीला. तरुणपणी स्वतः बास्केटबॉल खेळलेले, पाय वाऱ्यासारखे, पण उंची बेताची, त्यामुळे जिल्ह्याच्या पुढे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ती सल मनात कुठेतरी राहिली असावी. उंच मूल नजरेला पडलं की मास्तरांचा चेहरा खुलायचा.

भाग्यश्री मर्दे शाळेत आली तेव्हा वर्गातल्या मुलग्यांपेक्षाही उंच होती आणि त्याची लाज वाटून पाठीत वाकून चालायची. चिंचणीच्या मच्छीमार घरातली पोर. मास्तरांनी तिला मैदानावर बोलावलं, पाठ सरळ करायला लावली आणि बास्केटखाली उभं केलं. हात वर कर म्हणाले. तिने हात वर केले आणि समोरून मारलेला चेंडू तिच्या पंजाला लागून खाली पडला. त्या दिवशी घरी जाऊन मास्तर बायकोला म्हणाले की देवाने छप्पर फाडून दिलंय.

मग सराव सुरू झाला. बाकीच्या मुलींना ते गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून आडवं सरकायला लावत. समोरची जिकडे वळेल तिकडे आपले पाय तिच्या आधी पोचले पाहिजेत, हात नंतर. बचाव म्हणजे पायांचं काम, असं ते घसा फोडून सांगत. यात सगळ्यात तरबेज दिशा, भाग्यश्रीच्याच गल्लीतली. उंचीने ती भाग्यश्रीच्या खांद्याला लागायची, पण पायाखाली निखारे असल्यासारखी हलायची. भाग्यश्री एका बाजूला उभी राहून हे बघत असे. एकदा तिने विचारलं होतं, "सर, मी पण करू काय?"

"तुला काय गरज?" मास्तर म्हणाले. "पळणाऱ्यांना पळू दे. तू फक्त उभी राहा."

ती उभी राहिली. शाळेने जिल्ह्याचा चषक जिंकला, पुढच्या वर्षीही जिंकला. पुढे दिशा आणि इतर मुली धावायच्या, मागे भाग्यश्री हात वर करून झाडासारखी उभी, आणि समोरच्या संघाला तिच्यावरून चेंडू टाकणं जमायचं नाही. मुख्याध्यापकांनी मास्तरांचा सत्कार केला. भाग्यश्रीचे पाय कच्चे आहेत हे मास्तरांना दिसत नव्हतं असं नाही. पण चषक येत होते, आणि येणाऱ्या चषकाला कोण अडवतो?

राज्याच्या संघाची निवड पुण्याला होती. मास्तर तिला घेऊन गेले. तिथे सगळ्याच मुली उंच. भाग्यश्री त्यांच्यात उठून दिसेना. निवडणाऱ्यांनी एकास एक खेळायला लावलं. एक बारकीशी मुलगी चेंडू आपटत समोर आली, डावीकडे झुकली आणि उजवीकडून निघून गेली. भाग्यश्री जागेवरच वळायला गेली आणि तिच्या पायात पाय अडकला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी तिने मागून हात टाकला तर फाउल. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं.

निवड करणाऱ्या बाई मास्तरांकडे आल्या. एवढी उंची आणि पायांना काही शिकवलेलंच दिसत नाही, हे कसं काय, असं त्यांनी सरळ विचारलं.

"मुलगी चांगली आहे," ते म्हणाले, "पण सरावाला आळस करते."

वाक्य तोंडून गेलं आणि मग त्यांना दिसलं की पाठमोरी बसून बुटाची नाडी बांधणारी मुलगी भाग्यश्रीच होती. तिने मान वर केली नाही. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. पुढच्या आठवड्यात तिने संघाचे कपडे धुऊन, घडी घालून आणून दिले. मास्तरांनी कारण विचारलं नाही. शिक्षकांच्या खोलीत इतरांना त्यांनी सांगितलं की दहावीचं वर्ष आहे, आईबापांनी बंद केलं असेल.

वर्षं गेली. मास्तरांना ते वाक्य अधूनमधून आठवे, जेवताना, स्कूटर चालवताना, आणि घास कडू होई. तरीही नव्या उंच मुलींना ते बास्केटखालीच उभं करत राहिले. चूक कळणं वेगळं आणि सवय सुटणं वेगळं.

गेल्या हिवाळ्यात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांच्या क्रीडास्पर्धा झाल्या. बायकांच्या बास्केटबॉलला पंच म्हणून मास्तरांना बोलावलं. अंतिम सामन्याला एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागाचा संघ मैदानात उतरला आणि त्यांत भाग्यश्री होती. अंगाने भरलेली, पाठ ताठ. तिने लांबूनच मास्तरांना नमस्कार केला.

सामना अटीतटीचा झाला. भाग्यश्रीला समोरच्या संघातली सर्वांत चपळ खेळाडू अडवायला दिली होती, हेच मास्तरांना विचित्र वाटलं. ती चपळ मुलगी निघून जाणार, भाग्यश्री मागून हात टाकणार, असं त्यांच्या मनाने धरलंच होतं. आधीच तिच्या नावावर चार फाउल होते, पाचव्याला बाहेर. शेवटची काही सेकंदं उरली असताना ती चपळ मुलगी चेंडू घेऊन घुसली, डावीकडे झुकली, उजवीकडे वळली. मास्तरांनी शिट्टी फुंकली.

आणि मग त्यांनी पाहिलं. भाग्यश्री गुडघ्यात वाकून, एक पाऊल मागे सरून, त्या मुलीच्या आधीच उजवीकडे पोचली होती. पाय रोवलेले, हात सरळ वर. चेंडू स्वच्छ तिच्या पंजावर अडला. शिट्टी आधी वाजली होती, चेंडू नंतर अडला होता. जे घडलंच नव्हतं त्याची शिट्टी मास्तरांनी वाजवली होती.

दुसरा पंच धर्मेश, वयाने लहान, त्यांच्याकडे प्रश्नार्थक बघत राहिला. फाउल मागे घ्यायला अजून वेळ होता. पण सगळं मैदान बघत होतं, साहेब लोक खुर्च्यांवर बसले होते. मास्तरांनी मूठ वर केली आणि फाउल दिला. भाग्यश्री बाहेर जाऊन बसली. फाउलबद्दल मिळालेले दोन्ही मोकळे फेक त्या चपळ मुलीने बास्केटमध्ये टाकले आणि भाग्यश्रीचा संघ एका गुणाने हरला.

सामना संपल्यावर ती रीतीप्रमाणे हात मिळवायला आली. हळूच म्हणाली, "सर, माझे पाय आधी पोचले होते."

"मला तिथून नीट दिसलं नाही," मास्तर म्हणाले. आणखी एक खोटं.

ती गेली. सामना बघायला आलेली दिशा मात्र थांबून राहिली होती. तिने मास्तरांना आडपडदा न ठेवता सांगितलं, की पुण्याहून आल्यावर भाग्यश्रीने तिच्यामागे लकडा लावला होता, मला सरकायला शिकव म्हणून. ओहोटीला ओली रेती कडक होते, तिथे दोघी जायच्या. सगळ्या गावाची पोरं हसायची, एवढी ताडमाड पोरगी खेकड्यासारखी आडवी चालते म्हणून. तरी ती थांबली नाही.

मास्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंचणीला गेले. घराबाहेर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातले होते. भाग्यश्रीची आई प्रेमला त्यांना बघून लगबगीने बाहेर आली, खुर्ची पुसली, चहा ठेवला. भिंतीवर जिल्ह्याच्या चषकाचा फोटो होता, त्यात मास्तर मधोमध.

"मास्तर, तुमी होते म्हणून पोरगी उभी राहिली," ती म्हणाली. "खेळाचा दाखला बघूनच कंपनीत घेतली तिला. आमी तुमचं नाव काढतो रोज."

म्हणजे मुलीने घरात चकार शब्द काढला नव्हता. मास्तरांनी कप तसाच खाली ठेवला. ते उठून बाहेर गेले. भाग्यश्री मांडवावरचे बोंबील उतरवून टोपलीत भरत होती.

"काल फाउल नव्हता," मास्तर म्हणाले. "मला दिसलं होतं. आणि पुण्याला मी जे बोललो तेही खोटं होतं. तू आळशी नव्हतीस. मी तुला शिकवलंच नव्हतं."

तिचे हात थांबले नाहीत. "ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "लय दिवस मला वाटायचं, खरंच मी आळशी हाय. सरांना ठाऊक असणार, मलाच कळत नाय."

मास्तरांना वाटलं होतं की तिला राग आला असेल. रागाची त्यांनी तयारी केली होती. ती त्यांच्यावर विश्वास ठेवून बसली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"पुण्याचं राहू दे," ती टोपली उचलत म्हणाली. "कालचं मात्र कंपनीच्या लोकांना सांगा. माझ्यासोबतच्या बाया म्हणतात, तुझ्यामुळे हरलो."

मास्तरांनी सांगितलं. आयोजकांना भेटले, मग रजा टाकून कंपनीच्या फाटकाशी गेले आणि कामाची पाळी सुटल्यावर पॅकिंगच्या बायांसमोर उभं राहून चूक आपली होती असं म्हणाले. चषक परत मिळणार नव्हताच. एक बाई हसली, एकीने तोंडावर सांगितलं की आता बोलून काय उपयोग. पुढे त्यांना पंच म्हणून कोणी बोलावलं नाही. जाताना त्यांनी भाग्यश्रीला विचारलं, की कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, शाळेत येऊन मुलींना पायांचं काम दाखवशील का. बघीन, म्हणाली.

बरेच शुक्रवार ती आली नाही. मास्तरांनी पुन्हा विचारण्याचं धाडस केलं नाही. एका शुक्रवारी दिशाला घेऊन ती मैदानावर उभी दिसली. तिने सगळ्या मुलींना ओळीत लावलं, उंच मुली सर्वांत पुढे. त्यांतली एक कुरकुरली, सर, मला कशाला हे, मी तर मागेच उभी असते. मास्तरांनी मान खाली घातली. भाग्यश्रीने तिला काही समजावलं नाही, स्वतःच गुडघ्यात वाकून सरकायला सुरुवात केली, आणि ती मुलगी मागोमाग निघाली.

आता ती जमेल तशी येते. मुलींशी हसते, बोलते. मास्तरांशी कामापुरतं बोलते, निघताना फक्त मान हलवते. त्यापेक्षा जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही, हे मास्तर जाणून आहेत. ते मैदानाच्या कडेला घरंगळत आलेले चेंडू गोळा करतात आणि तिच्या पायांकडे बघत राहतात.