हक्क रस्त्यापर्यंतच

लग्न होऊन धारेहून देवासला आले, तेव्हा दोन गोष्टी अंगवळणी पडायला मला फार वेळ लागला. एक म्हणजे या एवढ्याशा गावात दोन राज्ये होती. बाजाररस्त्याची आमची बाजू थोरल्या पातीची, समोरची धाकट्या पातीची. दुसरी म्हणजे माझ्या यजमानांना स्वस्थ बसता येत नसे.

हे थोरल्या पातीच्या बांधकाम खात्यात नकाशे काढत. घरी आले तरी बोटे थांबत नसत. पाटावर बसले की ताटाभोवती पाण्याने रेघा ओढत आणि आमटी निवून जाई. काय चाललेय म्हणून विचारले तर "काही नाही" म्हणत, आणि ओढतच राहत.

धाकट्या बहिणीच्या लग्नाला आम्ही धारेस गेलो होतो. तिथल्या गुरांच्या बाजारात एका व्यापाऱ्याने कडबा कापायचे विलायती यंत्र मांडले होते. त्याच्या चाकावर इंग्रजी अक्षरे उठवलेली होती. ह्यांनी ती वाचली आणि माझ्या वडिलांना समजावून सांगितली: ज्याने हे यंत्र शोधले, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी ते काही वर्षे करायचे नाही, असा सरकारचा हुकूम, त्याला पेटंट म्हणतात.

"म्हणजे सुचलेल्या गोष्टीची सनद," वडील म्हणाले.

ह्यांनी मान हलवली आणि पुढे लग्नघरात कुणाशी धड बोलले नाहीत.

देवासला परतलो तो मक्याचा हंगाम होता. कणसांचे दाणे काढून काढून माझे अंगठे सुजत. ते ह्यांनी आजवर पाहिले नव्हते असे नाही, पण आता वेगळ्या नजरेने पाहिले. पडवीत लाकडाचा एक ढोल आला, त्यावर खिळे ठोकले गेले, बाजूला फिरवायचा दांडा बसला. वरच्या भोकातून कणीस सोडायचे, दांडा फिरवायचा, दाणे खाली परडीत. पहिल्या यंत्राने दाण्यांचा भरडा केला. पुढच्याने दाणे थेट रस्त्यावर उडवले आणि आळीतल्या कोंबड्या आमच्या दारात मुक्कामाला आल्या. प्रत्येक यंत्र आधी मी चालवून पाहायचे असा शिरस्ता पडला. एकदा खिळ्याने माझे बोट फाटले. हे चिंधी बांधत होते, पण डोळे ढोलावर.

"बोट इकडे आहे," मी म्हटले.

शेवटी एकदाचे यंत्र नीट चालले. गावोगावचे शेतकरी बघायला येऊ लागले, काहींनी करूनही घेतले. ह्यांनी दरबारात अर्ज केला आणि हुकूम मिळाला: राज्यात हे यंत्र दुसऱ्या कुणी करू नये. मला वाचता येत होते, तरी तो ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तेवढे काही दिवस हे जेवताना सरळ जेवले.

मग एके दुपारी रस्त्यापलीकडून ओळखीची खडखड ऐकू आली. समोरच्या लोहाराच्या दुकानात आमचेच यंत्र चालले होते. हे तसेच अनवाणी गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले.

"दांडासुद्धा डावीकडे आहे," म्हणाले.

हे डावखुरे. दांडा आपल्या सोयीने बसवला होता. लोहाराने तोही जसाच्या तसा उचलला होता.

ह्यांनी कचेरी गाठली. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितले, "हुकूम आमच्या हद्दीपुरता, आणि आमची हद्द रस्त्याच्या मध्यापर्यंत." इंदूरच्या ओळखीच्या वकिलांना विचारले, कलकत्त्याला इंग्रज सरकारकडे पेटंटचा अर्ज केला तर? ते म्हणाले, तो हक्क इंग्रजी मुलखात चालेल, संस्थानात नाही. त्यानंतर हे कचेरीतून आले की ओसरीवर येरझारा घालत. समोर खडखड सुरू झाली की पावले आणखी भराभर पडत. मला ना शिवण सुचे, ना स्वयंपाक.

अखेर मीच रस्ता ओलांडला. लोहाराची बायको दारात गहू निवडत होती. तिला म्हटले, हे यंत्र आमच्या घरात सुचले आहे. ती जराही रागावली नाही. "बाई, आपको हुकम आपका यां चले," ती म्हणाली, "हमारा यां नी चले." मग सरकून तिने मला बसायला जागा दिली. तिचेही अंगठे माझ्यासारखेच, आणि आता त्यांची सूज उतरलेली. माझा निम्मा राग तिथेच गेला. ह्यांना मात्र हे सांगण्याची सोय नव्हती.

पुढच्या हंगामात आमची पडवी आणि लोहाराचे दुकान दोन्ही थंडावली. इंदूरहून ओतीव लोखंडाची विलायती यंत्रे आली, मक्याचीच. ती पाहायला बाजारात गर्दी जमली, त्यात हे होते आणि लोहारही होता. दोघे कितीतरी वेळ शेजारी उभे राहून दांडा फिरवत होते.

"याची नक्कल करशील?" ह्यांनी विचारले.

"नी होय, बाबूसाब. ओतने की भट्टी कां से लाऊं?"

घरी आल्यावर हे म्हणाले, "हुकूम बाजूलाच राहिला. ज्याच्याकडे भट्टी, त्याचा हक्क." आणि पुन्हा येरझारा सुरू झाल्या.

महिनाभराने ह्यांनी दरबारची चाकरी सोडायची ठरवली. इंदूरच्या एका कापसाच्या कारखान्यात यंत्रे दुरुस्त करायचे काम मिळत होते, आणि तिथे ओतकामाची भट्टी होती. वडील धारेहून तातडीने आले.

"जावईबापू, आपल्या घराण्यात कुणी तेलाने हात माखले नाहीत."

वडील माझ्याकडे वळले. मी काही बोलेन असे त्यांना वाटले नसावे. मलाही वाटले नव्हते.

"बाबा, इथे राहिले तर येरझारांनी ओसरी झिजेल," मी म्हटले. "त्यांना जाऊ द्या. मीही जाते."

वडील जेवायला थांबले नाहीत. दिवाळीला त्यांचे बोलावणे आले नाही, पुढल्या दिवाळीला आले.

इंदूरला आमची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून होती. दिवसभर भांडी थरथरत. पहिल्या दिवशी हे कामावरून आले ते कोपरापर्यंत काळे. दिवेलागणीलाच जेवले, एकही रेघ न ओढता, आणि तिथेच पाटावर बसल्याजागी त्यांना डुलकी लागली. मी ताट उचलले आणि भिंतीला हात लावून पाहिला. ती अजून थरथरत होती.