बूटकाकांची स्थळं

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन माणूस राहायला आला की पहिल्या आठवड्यात तो एकदा तरी स्वतःच्या पायांकडे बघायचा. कारण जिन्यात भेटलेले एक काका त्याला विचारायचे, "काय, बूट झाला का?" हा प्रश्न पादत्राणांबद्दल नाही, हे आम्हा जुन्या रहिवाशांना माहीत होतं. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर जागा होतो त्याला बूट होणं म्हणतात आणि काकांच्या मते माणसाचंही तसंच असतं. सकाळचा चहा पोटात गेला की माणूस बूट झाला. आम्ही "झाला, झाला" म्हणत कामाला पळायचो. त्यांचं दारावरच्या पाटीवरचं नाव कुणी वापरत नसे. ते सगळ्यांचे बूटकाका.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. कारखान्यात नवे आले की जुने भंगारात निघायचे आणि काकांचा जीव खालीवर व्हायचा. मग मालकाला गळ घालून एखादा टेम्पोत टाकून घरी आणायचा. शिरवणे गावाला लागून असलेल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, त्यांच्या दोन खोल्यांत, असे नऊ कॉम्प्युटर कायमचे मुक्कामाला होते. पाठीकडून फुगलेले, रंगानं पिवळे पडलेले, फ्लॉपी घातली की घरघरणारे. काका मूळचे साताऱ्याकडचे. तिकडे सुनेला जसं तिच्या माहेरावरून ओळखतात, तशी या कॉम्प्युटरांची नावं त्यांच्या कारखान्याच्या गावावरून होती. तुर्भेवाली, महापेवाली, रबाळेवाली. 'भंगार' हा शब्द त्यांच्या घरात उच्चारायची चोरी होती. एकदा काकूंच्या तोंडून तो निसटला तर काका दिवसभर बोलले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "सवतींना नावं ठेवली ना मी. मग बसतात फुगून."

मी ऐरोलीला एका कंपनीत कामाला, म्हणून काका मला 'ऐरोलीबाई' म्हणत. या जुन्या कॉम्प्युटरांची एक वेबसाइट काढायची ही हौस त्यांची आणि ती बनवायचं काम माझ्या गळ्यात. दर रविवारी आम्ही प्लॅनिंगला बसायचो. एका रविवारी पहिलं पान निळं ठरायचं, पुढच्या रविवारी ते डोळ्यांवर यायचं आणि तपकिरी व्हायचं. मग प्रत्येकीचा आवाज ऐकू आला पाहिजे. मग प्रत्येकीला मागून-पुढून फिरवून बघता आलं पाहिजे. मी कंटाळले की काका म्हणायचे, "घाई नाय गं. पाया भक्कम पायजे." वर्षानुवर्षं आमचा पायाच भरत होता, वर एक वीट चढली नाही.

आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. काका-काकूंनी घणसोलीला एक खोली भाड्यानं घेतली आणि काकूंनी निकाल देऊन टाकला, "त्या खोलीत एकतर मी राहीन, नायतर या नऊजणी." त्यांचं चूक नव्हतं. दोन माणसं आणि कपाट एवढीच तिथं जागा. भंगारवाले तर आमच्या गेटाशी ठाण मांडूनच बसले होते. काका खिडक्यांचे पडदे ओढून घरात बसायला लागले. जिन्यात भेटले तरी मान खाली. बूट झाला का हे विचारेनासे झाले, तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "काका, निळा-तपकिरी पुरे. फोटो टाकू, ज्याला सांभाळायचंय तो घेऊन जाईल. साधं एक संकेतस्थळ करू."

"साधं काय?"

"संकेतस्थळ. वेबसाइटला मराठीत तसंच म्हणतात."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "स्थळ?" मग जे हसत सुटले ते खोकला येईपर्यंत. "अगं मग हे आधी सांगायचं ना! एवढी वर्षं आपण म्युझियम बांधत बसलो. स्थळंच बघायचीत आपल्याला!"

जे इतक्या रविवारांत झालं नाही ते एका दुपारीत झालं. काका सांगत गेले, मी टाइप करत गेले. 'तुर्भेवाली. वर्ण मूळचा गोरा, आता गहूवर्णी. बांधा मजबूत. स्वभाव शांत, मात्र पंखा बंद पडल्यास तापते. उठायला वेळ लावते, उठल्यावर कामाला वाघ. डाव्या बाजूला दोष आहे, तो लपवलेला नाही. अपेक्षा : घरात ओल नसावी, कुणी भंगार म्हणू नये. देणंघेणं नाही.' दोष कशाला लिहायचा, असं मी विचारलं. काका म्हणाले, "स्थळाच्या बाबतीत खोटं बोललं की पोरगी परत येते. आता परत यायला घर कुठाय आपल्याला?"

लोकांना ते फार आवडलं. कुणी ठाण्याहून आलं, कुणी उरणहून. बघायला येणाऱ्याला कांदेपोहे द्यायचेच, हा काकांचा नियम. पोहे करून काकूंचा हात दुखला, पण एकेकीची जागा रिकामी होईल तशा त्या खुलत गेल्या. मागे राहिली ती तुर्भेवाली. सगळ्यांत थोरली, काकांनी पहिल्यांदा आणलेली, आणि दोषामुळे नाकारलेली. घणसोलीला सामान न्यायचा टेम्पो दारात यायला दोन दिवस उरले होते.

तेव्हा पनवेलहून एका बाईंचा फोन आला. कुणीतरी वरचा फोटो कापून नुसता मजकूर त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला होता. काका अंघोळीला गेलेले, मी सामान बांधू लागत होते, फोन काकूंनी उचलला.

"मुलीबद्दल विचारायचं होतं. काय करते मुलगी?"

"काय करणार? टेबलावर बसून असते."

"घरकाम?"

"तिला जागेवरनं हलवायलाच दोन माणसं लागतात हो."

मग बाईंनी चाचरत विचारलं, "आणि ते डाव्या बाजूला..." तेव्हा कुठे काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. पदर तोंडात कोंबून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, तर पनवेलच्या बाईही हसून बेजार. पण त्यांचा मुलगा कॉम्प्युटरचा क्लास चालवत होता. तो मागून म्हणाला, "आई, ही असली तरी चालेल. बघून तर येऊ."

दुसऱ्या दिवशी मायलेक आले. पोहे झाले. काकांनी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. मुलगा पुढे वाकून बघत होता, काका त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मी खिडकीतून भंगारवाल्याच्या हातगाडीकडे. काका तुर्भेवालीच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "माझी लाज राख गं बाई." तिनं आपल्या सवयीप्रमाणे वेळ घेतला. मग 'टीं' असा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मुलगा म्हणाला, "हिला मी क्लासच्या दारातच ठेवणार." काका आत गेले आणि तोंड धुऊन आले. मला तर रडूच फुटलं.

ती गेल्यावर रिकाम्या खोलीत काका भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "सगळ्या उजवल्या गं ऐरोलीबाई. आता कुठंही झोप लागेल."

ती बिल्डिंग आता नाही. काका घणसोलीला, मी ऐरोलीला, रविवार मोकळे. संकेतस्थळ मी बंद केलेलं नाही, प्रत्येक पानाखाली फक्त 'जमलं' एवढं लिहिलंय. दिवाळीत काकांचा फोन आला, "पहिला सण आहे पोरीचा, पनवेलला नेशील का?" मी गाडी काढली. त्यांच्या मांडीवर फराळाचा डबा होता आणि डब्याखाली पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग गन, जुन्या वायरी. पोरीला काही कमी-जास्त असलं तर हाताशी असावं म्हणून.

क्लासच्या दारात पाऊल टाकताच त्यांनी आत बघून विचारलं, "काय, बूट झाला का?"

पनवेलच्या बाई आतून म्हणाल्या, "झाला हो, सकाळीच. रोज तिचाच आधी होतो, मग आमचा."

काकांनी चहा घेतला, तिच्याकडे लांबूनच एकदा बघितलं आणि आम्ही निघालो. पिशवी त्यांनी उघडलीच नाही.