वडिलांच्या स्कूटरचा कार्बोरेटर

पेट्रोल पंपावर गाडीची काच खाली केली की तो वास आत येतो आणि मला वडिलांची स्कूटर आठवते. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली होती, बदलापूरहून अंबरनाथच्या शाळेत शिकवायला मी तिच्यावरूनच जायचे. एकदा कार्बोरेटरमधून पेट्रोल गळायला लागलं, म्हणून कॅम्प चार वस्तीतल्या एका मेकॅनिककडे नेली. वडील दर रविवारी तो कार्बोरेटर खोलून जुन्या टूथब्रशने साफ करायचे आणि मी शेजारी बसून बघायचे, त्यामुळे मी म्हटलं, "बदलू नका, आतली पिन झिजली असेल." त्याने मान वर केली नाही. "मॅडम, साहबसे बात करा दो," म्हणाला. मी फोन लावून दिला. नवरा म्हणाला, "नवीन टाका ना, कटकट नको." नवीन बसवल्यापासून स्कूटर दर चढावर बंद पडायची. नवरा म्हणाला, "तुला चालवताच येत नाही," आणि त्याच मेकॅनिकला विकून टाकली. पुढे एकदा अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ तो मेकॅनिक भेटला. माझ्यासमोर त्याने एका किकमध्ये तीच स्कूटर चालू केली. "आपका पुरानावाला ही लगाया, मॅडम. सिर्फ पिन बदली, मक्खन चलती है." घरी येऊन मी हे सांगितलं, तर टीव्हीवरची नजर न हलवता नवरा म्हणाला, "मग तेव्हाच का नाही बोललीस?" आताही पंपावर तो म्हणतो, "काच वर कर, एसी चालू आहे." मी करते.