तीन सेकंदांची वाट

नॉरिस हॅस्लमनं केलेल्या सगळ्या जाहिराती एकापाठोपाठ एक लावल्या, तर दोन तासांच्या आत आटोपतील. केल्या दोनशे, पण एकेक तीस सेकंदांची. त्याची बायको डोरीन पाहुण्यांना सांगायची, "यांचं सगळं कर्तृत्व एका दुपारी बसून बघून होतं. मधे उठून चहासुद्धा करता येतो." डोरीनच्या जिभेला हाड नव्हतं. पण नवऱ्याची जाहिरात लागली की हातातलं काम टाकून, अ‍ॅप्रन काढून, खुर्चीत नीट बसून बघायची. हे मात्र ती कुणाला सांगत नसे.

नॉरिस बोल्टनचा. बाप बसवर कंडक्टर, आई गिरणीत मागावर. मागांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नाही, म्हणून तिथल्या बायका एकमेकींचं बोलणं ओठांवरून वाचत. पुढं पुढं आईला ऐकू कमीच यायला लागलं, पण शनिवारी दुपारी नाटकघरातला विनोदी खेळ तिनं कधी चुकवला नाही. स्वस्तातल्या बाकावर पोराला घेऊन बसायची आणि सगळ्यांच्या आधी हसायची. लोक शब्दांची वाट बघत, हिला नटांच्या चेहऱ्यावरच सगळं दिसे. पोरगं आईकडं बघून हसायचं. ते आईचं हसू आधी शिकलं आणि विनोद मागाहून.

मोठा झाल्यावर तो मँचेस्टरच्या टेलिव्हिजन स्टुडिओत लागला, केबली ओढायला. दहा वर्षांत ओढता ओढता दिग्दर्शक झाला. तेव्हा विनोदी मालिका समोर तीनशे माणसं बसवून चित्रित करायचे, आणि चित्रण सुरू व्हायच्या आधी एक माणूस येऊन त्या माणसांना हसवून ठेवायचा. थंडीच्या दिवसांत गाडीचं इंजिन आधी तापवून ठेवावं लागतं, तसंच हे. हे काम पर्सी टॅटर्सॉलकडं होतं. जुन्या खेळांतला नट. चेहरा लांब, डोळे ओले, दिसायला तेराव्याला आल्यासारखा. त्यानं नॉरिसला धंद्यातली एकच गोष्ट शिकवली. "पोरा, विनोद सांगणं सोपं. सांगून झाल्यावर गप्प उभं राहणं अवघड. हसू वर चढू दे, खाली यायला लागलं की पुढचं वाक्य टाक. आधी टाकलंस तर बुडतं, उशिरा टाकलंस तर गारठतं."

नॉरिसचं बरं चाललं होतं. मग एकदा अंत्यविधीच्या दुकानावरची सहा भागांची मालिका त्यानं केली आणि ती अशी काही आपटली, की तिचा अंत्यविधी करायलासुद्धा कुणी आलं नाही. स्टुडिओनं करार वाढवला नाही. सहा महिने घरी बसला. सासऱ्याचं बोल्टनला जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचं दुकान होतं. सासरा म्हणाला, "एक मार्चपासून ये. कात्री तर धरता येते ना?"

डोरीनला ते ऐकून वाईट वाटलं, पण तोंडानं म्हणाली, "माणसं तुमच्या कामावर पाय ठेवून उभी राहतील. टेलिव्हिजनपेक्षा बरं."

फेब्रुवारीत लंडनच्या एका जाहिरात कंपनीतून पिअर्स नावाच्या माणसाचा फोन आला. डॉबिन नावाच्या ग्रेव्हीच्या पुडीची जाहिरात करायची होती. बोल्टनकडची माणसं कशी बोलतात ते जाणणारा दिग्दर्शक हवा होता, आणि स्वस्तातला. नॉरिस दोन्हीत बसला. डोरीनला तो म्हणाला, "ही जमली तर पुढची मिळेल. नाही जमली, तर एक तारखेला तुझ्या बापाकडं."

गोष्ट एवढीशी होती. रविवारचं जेवण, टेबलावर भाजलेलं मांस, बटाटे. म्हातारी ग्रेव्ही वाढते, म्हातारा चाखतो, काटा खाली ठेवतो आणि म्हणतो, "हिल्डा, एकेचाळीस वर्षं मी खोटं बोलत आलो." मग म्हणतो, "पण आज खरंच छान झालंय." आणि मागून आवाज येतो: डॉबिन, डॉबिन, डॉबिन. नाव तीन वेळा यायलाच हवं, असं डॉबिनचा मालक ग्रिमशॉ यानं लिहून दिलं होतं.

म्हाताऱ्यासाठी नॉरिसनं पर्सीला बोलावलं. नाटकघरं बंद पडली होती आणि पर्सी ब्लॅकपूलला हाउझीचे आकडे पुकारून पोट भरत होता. निरोप मिळताच पुठ्ठ्याची बॅग घेऊन, बूट चकाकवून आला.

चित्रणाला सुरुवात झाली. दिव्यांच्या उष्णतेनं ग्रेव्हीवर साय धरायची, ती दर वेळी चमच्यानं काढायची. बटाट्यांतून वाफ दिसावी म्हणून टेबलाखाली किटली उकळत ठेवलेली. पर्सीनं ग्रेव्ही चाखली, काटा खाली ठेवला. "हिल्डा, एकेचाळीस वर्षं मी खोटं बोलत आलो."

आणि थांबला.

पन्नास वर्षांची सवय ती. विनोद टाकला की हशा येतो, तो ओसरेपर्यंत उभं राहायचं. पण इथं हसायला होतं कोण? पंधरा माणसं श्वास रोखून उभी. कुणी खोकलं तरी फिल्म वाया जायची. पर्सीची नजर हळूच उजवीकडून डावीकडं फिरली. भुवया थोड्या वर गेल्या. हसू काही येईना. शेवटी कसंबसं म्हणाला, "पण आज खरंच छान झालंय."

"कट," नॉरिस म्हणाला.

"पडलो का रे मी?" पर्सीनं कुजबुजून विचारलं.

"नाही, पर्सी. इथं हसायची मनाई आहे लोकांना."

"मनाई? मग मला बोलावलंस कशाला?"

पिअर्सच्या हातात स्टॉपवॉच होतं. "तेहतीस सेकंद झाले. तेहतीस सेकंदांची जाहिरात कुणी दाखवत नाही. त्यांना सांगा, मधे थांबू नका."

नॉरिसनं सांगितलं. पर्सीनं मान डोलावली, पुन्हा चाखलं, पुन्हा थांबला. चौदा वेळा हेच. पंधराव्या वेळी त्यानं मन घट्ट केलं आणि दोन्ही वाक्यं एका दमात म्हणून टाकली, हाउझीचे आकडे पुकारावे तशी. बरोबर तीस सेकंद. पिअर्सनं टाळी वाजवली.

नॉरिसनं वाजवली नाही. त्याची नजर पर्सीवर होती. म्हातारा खाली मान घालून काट्यानं बटाटा उगाच इकडून तिकडं सारत होता.

मंगळवारी सकाळी फिल्म कापायला बसले. कापणारी बेरिल म्हणून बाई होती. तिच्या गळ्यात कात्री, बोटांना चिकटपट्ट्या. नॉरिस म्हणाला, "पहिलं चित्रण लाव. आवाज बंद कर."

आवाज नसल्यावर फक्त चेहरा उरला. म्हातारा बायकोला एवढं मोठं बोलून बसलाय आणि आता तिच्या तोंडाकडं बघतोय: आता काय होणार? खरं तर पर्सी तेव्हा स्टुडिओतल्या लोकांच्या हसण्याची वाट बघत होता. पण पडद्यावर ते कुणाला कळत होतं? तिथं एक नवरा दिसत होता, एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललेला आणि आता जीव मुठीत धरून बसलेला.

बेरिल फिसकन हसली. "माझा नवरा अगदी असाच बसतो. मी नवी टोपी घातली की."

"हे तीन सेकंद राहणार," नॉरिस म्हणाला.

"मग काढू काय?"

"नाव. तीनदा आहे. दोनदा काढ."

बेरिलनं कात्री खाली ठेवली. "नॉरिस, ग्रेव्ही त्याची, पैसा त्याचा, आणि डॉबिनचंच नाव कापतोस? लिनोलियमची एवढी घाई झालीय का तुला?"

"काप गं बाई."

गुरुवारी बरी गावी, ग्रिमशॉच्या कारखान्यात दाखवायचं ठरलं. भिंतीवर चादर लावलेली. ग्रिमशॉ म्हणजे खाटकाचा मुलगा, दर रविवारी प्रार्थनेला जाणारा, हसण्यात दात झिजतात असं मानणारा. शेजारी त्याची बहीण, मिस ग्रिमशॉ, मांडीवर पर्स घट्ट धरून. दारातच पिअर्सनं नॉरिसला गाठलं.

"तीस सेकंदांची, न थांबता म्हटलेली, तीच आणलीय ना?"

"तीस सेकंदांची आहे. पण ती नाही."

"नॉरिस! दुसरी आणली असशील ना बरोबर?"

"माझ्या डब्यात एकच आहे."

पिअर्सचा चेहरा ग्रेव्हीवरच्या सायीसारखा झाला. "याच्यानंतर तुला लग्नाचे फोटोसुद्धा काढायला कुणी बोलावणार नाही, हे मी बघेन."

दिवे मालवले. नॉरिस भिंतीला टेकून उभा राहिला. चादरीवर टेबल आलं, वाफ आली, पर्सीनं चाखलं, काटा खाली ठेवला. "हिल्डा, एकेचाळीस वर्षं मी खोटं बोलत आलो."

आणि तो थांबला. अंधारात फक्त यंत्राची घरघर. एक सेकंद. दोन. नॉरिसला वाटलं, एवढी लांब तर आपली शाळेची वर्षंसुद्धा नव्हती.

"अरे, मग बोल की पुढं!" ग्रिमशॉ त्या चादरीवर खेकसला.

"पण आज खरंच छान झालंय," चादरीवरून पर्सी म्हणाला, जसं काही मालकानं विचारलं म्हणूनच.

मिस ग्रिमशॉनं पर्स तोंडाशी धरली, पण हसू पर्सच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडलं. मागं बसलेले दोन कारकून हसले. मग मालकाकडं बघून गप्प झाले.

दिवे लागले. ग्रिमशॉ म्हणाला, "माझ्या ग्रेव्हीचं नाव एकदाच आलं."

"हो साहेब. पण ते आलं तेव्हा तुम्ही ऐकत होतात."

ग्रिमशॉनं त्याच्याकडं खाटीक बैलाकडं बघतो तसं बघितलं. "पुन्हा लावा."

पुन्हा लावली. या वेळी मालक त्या तीन सेकंदांत खुर्चीत पुढं झुकला आणि पर्सी बोलल्यावर मागं टेकला. सगळ्यांनी पाहिलं.

"माझ्या बायकोला ही मुळीच आवडणार नाही," तो म्हणाला. थोडा वेळ हनुवटी खाजवली. "चालवा. आणि हा म्हातारा दुसऱ्या कुणा ग्रेव्हीवाल्याला मिळता कामा नये. अजून तीन करा त्याच्याबरोबर."

पिअर्स लगेच म्हणाला, "मी यांना पहिल्यापासून सांगत होतो, त्या थांबण्याला हात लावू नका." नॉरिसनं त्याला तेवढं श्रेय घेऊ दिलं. कारखान्यातूनच डोरीनला फोन केला. ती म्हणाली, "बाबा चिडतील. तुमच्यासाठी नवीन कोट शिवलाय त्यांनी, दुकानाचं नाव असलेला." आणि मग फोनमधून नाक शिंकरल्याचा आवाज तेवढा आला.

जाहिरात पहिल्यांदा लागणार त्या दिवशी नॉरिस ब्लॅकपूलला गेला. पर्सी मिसेस फोर्शॉच्या खाणावळीत राहायचा. संध्याकाळी साडेसातला मालिकेच्या मधे लागणार होती, आणि त्या वेळी सगळे बिऱ्हाडकरू बाहेरच्या खोलीत टेलिव्हिजनसमोर बसत: दोन निवृत्त शिक्षिका, ट्रामचा एक ड्रायव्हर, एक पियानो दुरुस्त करणारा. पर्सीनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. कोपऱ्यात बसून बोटांची नखं बघत होता. नॉरिसला हळूच म्हणाला, "जाऊ या का बाहेर? चिप्स खाऊन येऊ."

"बस गुमान," नॉरिस म्हणाला.

लागली. टेबल, वाफ, काटा. "हिल्डा, एकेचाळीस वर्षं मी खोटं बोलत आलो."

खोलीत क्षणभर सगळं थिजलं. मग ट्रामवाला खदखदून हसला, आणि त्याच्या मागोमाग दोन्ही शिक्षिका. मिसेस फोर्शॉनं पर्सीच्या पाठीत धपाटा घातला. "अरे मेल्या! सांगितलं नाहीस ते? आणि माझ्या ग्रेव्हीबद्दल काय मत आहे तुझं? बोल ना!" हसू काही थांबेना, एक शिक्षिका चष्मा काढून डोळे पुसत होती.

जाहिरात संपली, मालिका पुन्हा सुरू झाली, तरी तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. नॉरिस वळून पर्सीकडं बघायला लागला. वाटलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी असेल.

पर्सीच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"काय झालं?"

"काय झालं म्हणजे? पुढचं वाक्य बुडालं माझं! एवढ्या गोंधळात ऐकू आलं का कुणाला, छान झालंय म्हणून? अजून एक सेकंद ठेवायला हवा होतास, पोरा. काय शिकवलं होतं मी तुला?"

"चुकलो," नॉरिस म्हणाला. "पुढच्या वेळी चार ठेवतो."

"लिहून ठेव," पर्सी म्हणाला, आणि मिसेस फोर्शॉनं पुढं केलेला चहा हातात घेतला.