नटाची कवळी

मी कवळ्या बनवते. नागपूरला मी दंतवैद्य होते, स्वतःचा दवाखाना होता. कॅनडात आल्यावर लायसन्सच्या परीक्षेला दोनदा बसले, मधे मुलगी झाली, आणि तिसऱ्यांदा बसायची वेळ आली तेव्हा माझ्यात दम उरला नव्हता. मग डेन्चरिस्टचा कोर्स केला. इथे तो वेगळाच व्यवसाय आहे. दात काढायचे नाहीत, रूट कॅनाल करायचं नाही, फक्त कवळ्या. नॉर्थ यॉर्कमधल्या एका प्लाझात, ग्रोसरीच्या दुकानाच्या वर माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ‘या डॉक्टर’ अशी ओळख करून दिली की मी ती दुरुस्त करत नसे, आणि मग घरी परतताना गाडीत स्वतःवरच चिडत असे.

विंटर टायर बसवून घ्यायचे दिवस होते तेव्हा ते पहिल्यांदा आले. ऐंशीला एक वर्ष कमी, उंच, पाठ ताठ. बरोबर पंचेचाळिशीची एक बाई होती, त्यांची मुलगी. त्यांच्या बायकोच्या पहिल्या लग्नाची, हे मला नंतर कळलं. ती त्यांना ‘पापा’च म्हणायची. बोलली तीच. पापांची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून फुटली, दुसरीकडून नवी करून घेतली, ती घालून जेवतात नीट, पण महिनाभर घरात कुणाशी बोललेले नाहीत, असं तिने सांगितलं. ते ऐकत उभे होते. मग त्यांनी कोट काढला, स्वतःच खुंटीला लावला, खुर्चीत बसले, कवळी काढून रुमालावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत म्हणाले, “मादाम, खाणं माझं सूपवर भागेल. मला दात बोलायला हवे आहेत.”

ते नट होते. आधी फ्रान्समध्ये, नंतर क्वेबेकमध्ये, रंगभूमीवर आणि सिनेमात मिळून पंचावन्न वर्षं काम केलेले. आठ आठवड्यांनी टोरोंटोतल्या एका लहानशा फ्रेंच नाट्यगृहात त्यांचा प्रयोग होता. तासाभराचं नाटक, आणि स्टेजवर ते एकटे.

मी ती नवी कवळी त्यांना पुन्हा घालायला सांगितली आणि काहीही बोला म्हटलं. त्यांनी दोन वाक्यं म्हटली. मला फ्रेंच येत नाही, पण प्रत्येक ‘स’बरोबर बारीक शिट्टी वाजत होती ती कुणालाही कळली असती. कवळी वाईट नव्हती. टाळूकडची बाजू जाड होती, पुढचे दात जरा लांब होते. रोज पोळीभाजी खाणाऱ्या माणसाला ती दहा वर्षं पुरली असती.

पुढचे दोन महिने दर मंगळवारी दुपारी ते यायचे. सबवेने यायचे, मुलीला गाडी काढू द्यायचे नाहीत. माप घेताना तोंड साच्याच्या लगद्याने भरलेलं असतं, तेव्हा गप्प. लगदा निघाला की पुन्हा गोष्ट सुरू. अशी तुकड्यातुकड्याने त्यांची सगळी हकीकत मला कळली.

वडील उत्तर फ्रान्समध्ये एका कालव्याच्या दरवाजावर नोकरीला होते. नाव आली की दरवाजा बंद करायचा, पाणी चढू द्यायचं, मग पुढचा दरवाजा उघडायचा. पाणी चढेपर्यंत नावाडी काठावर उभे राहून गप्पा मारायचे, आणि लहानपणी हे त्यांच्याकडे बघत असायचे. रात्रीच्या जेवणाला त्या दिवशीचे नावाडी करून दाखवायचे. आई हसायची, वडील हसायचे नाहीत. पण एखादा नावाडी राहिला तर ‘आणि तो बेल्जियमचा?’ असं विचारायचे.

पॅरिसच्या नाट्यशाळेने त्यांना दोनदा नाकारलं. कारण एकच, बोलण्यातला उत्तरेकडचा हेल. मग सतराव्या वर्षी ते एका फिरत्या नाटक मंडळीत गेले. व्हॅन चालवायची, दिवे बांधायचे आणि एका प्रयोगात तीन भूमिका करायच्या. दाढी लावून गावचा मेयर, दाढी काढून त्याचा जावई. दातात बुचाचा तुकडा धरून त्यांनी वर्षभर आपला हेल घासून काढला. तो जेमतेम गेला आणि मोठ्या नाट्यगृहात पहिलं काम मिळालं, ते एका उत्तरेकडच्या खाणकामगाराचं. दिग्दर्शक म्हणाला, बोलण्यात जरा हेल आणता येईल का? ही गोष्ट सांगताना ते इतके हसले की मला हात थांबवावा लागला.

त्यानंतर बावीस वर्षं लहान कामं. नाटकात दुसऱ्या-तिसऱ्या भूमिका, सिनेमात पोलीस, पाद्री, साक्षीदार, हॉटेलातला कारकून.

पक्की कवळी करण्याआधी मेणात दात बसवून बघतात, ती वेळ आली तेव्हा मी त्यांना जुने फोटो मागितले. खरे दात असतानाचे, तोंड उघडं असलेले. माणसाची जीभ जन्मभर आपल्या दातांच्या मागे घर करून राहिलेली असते. दात कसे होते ते कळलं तर तिला ते परत देता येतं. त्यांनी फोटोऐवजी एका सिनेमाची डिस्क आणून दिली. तेरा मिनिटं पुढे जा, असं सांगितलं.

रविवारी दुपारी मी तो सिनेमा लावला. तेराव्या मिनिटाला हॉटेलच्या काउंटरमागे ते उभे होते, चाळिशीतले, काळ्याभोर केसांचे. नायक-नायिका येतात, खोली मागतात. तेवढ्यात फोन वाजतो. कारकून फोन कानाशी धरतो आणि दुसऱ्या हाताने त्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहीत राहतो. फोनवर काय बातमी आली ते सिनेमात कधीच सांगत नाहीत. फक्त लिहिता लिहिता त्याचं पेन एका अक्षरावर थांबतं, तो पुढे लिहितो, किल्ली देतो, तीनशे चार, तिसरा मजला, असं सांगतो आणि हसतो. नायक-नायिका जिना चढतात आणि कॅमेरा त्यांच्यामागे जातो.

मी दातांसाठी लावला होता सिनेमा. पहिल्यांदा दात बघायचे राहिले. दुसऱ्यांदाही राहिले. चौथ्या वेळेला पॉज करून मी पाहिलं: वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले, आणि डावा सुळा थोडा वळलेला. वहीत आकृती काढून घेतली. मग तो प्रसंग परत लावला, उगाचच.

मंगळवारी मी त्यांना विचारलं, फोनवर कोण होतं? ते म्हणाले, “दिग्दर्शकानं काही सांगितलं नव्हतं. मी ठरवलं की माझी बहीण आहे, आणि आई आजारी आहे.” बावीस वर्षं अशी दोन-दोन मिनिटांची कामं करताना वाईट नाही वाटलं का, असं मी विचारलं. खरं तर ते मी कुणासाठी विचारत होते हे मला ठाऊक होतं. त्यांनी जरा विचार केला. “मला कधीकधी वाटायचं,” ते म्हणाले, “पण त्या कारकुनाला नाही. त्याला कुठे माहीत होतं की त्याचं काम लहान आहे? तो ड्यूटीवर होता.”

मी मेण गरम करायला ठेवलं.

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांना मोठी भूमिका मिळाली. मुलाशी बोलणं सोडलेल्या बापाची. आधी नाटक झालं, मग त्यावर सिनेमा, मग पारितोषिक, आणि रस्त्यात लोक ओळखू लागले. दोन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी नाटकाचा दौरा मॉन्ट्रियलला आला. तिथे नाट्यगृहाच्या बेसमेंटमध्ये कपडे शिवणारी एक बाई होती. तिने त्यांच्या कोटाची बाही आखूड केली आणि सांगितलं की बाप म्हणून तुम्ही फार नीटनेटके दिसता, खिसे ओढलेले हवेत. प्रयोग सुरू होण्याआधी तिने खिशांत दगड भरून ते ओढून ठेवले. ते पॅरिसला परत गेले, सामान आवरलं आणि मॉन्ट्रियलला राहायला आले. मित्रांना वाटलं, डोकं फिरलं. क्वेबेकमध्ये काम मागायला गेले तर लोक म्हणाले, काम छान करता, पण तुमचा फ्रान्सचा हेल! चोपन्नाव्या वर्षी त्यांनी पुन्हा बुचाचा तुकडा दातात धरला.

ती बाई त्यांची बायको झाली. चोवीस वर्षांचा संसार झाला आणि ती गेली. मुलीने त्यांना नॉर्थ यॉर्कला आपल्या कॉन्डोत आणलं, जिथे लिफ्टमध्ये त्यांना कोरियन, फारसी आणि इंग्रजीत लोक ‘गुड मॉर्निंग’ म्हणत आणि ते कोण आहेत हे एकालाही माहीत नव्हतं. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. मोठी नावाजलेली माणसं मी दुरून पाहिली आहेत, पण आपलं नाव इतक्या सहज खुंटीला अडकवून ठेवणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

मेणातले दात त्यांच्या तोंडात बसवून दाखवले त्या दिवशी मुलगी मुद्दाम रजा घेऊन आली होती. तिने पाहिलं आणि ती नाराज झाली. तिची चूक नव्हती. तिला पापांसाठी सरळ, पांढरेशुभ्र दात हवे होते आणि मी वाकडे बसवले होते. जीभ, जुनी सवय, ‘स’ची जागा, हे सगळं मी तिला समजावू लागले. ते मधेच आरसा घेऊन खिडकीपाशी गेले. ओठ वर करून दात उजेडात निरखले. मग फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाले, आणि मुलीने तोंड फिरवलं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, ‘तुझ्या आईनं याच माणसाचा कोट आखूड केला होता.’” तिचे डोळे भरले होते. सरळ दातांचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण शिट्टी जात नव्हती. नाटक एका म्हाताऱ्या शिक्षकाचं होतं. शाळा कायमची बंद व्हायची आहे, वर्ग रिकामा आहे, आणि तो चाळीस वर्षांपूर्वीच्या एका वर्गाची हजेरी घेतो. नुसती नावंच नावं. माझ्या खुर्चीत बसून ते हजेरी घ्यायचे आणि मी डोळे मिटून ऐकायची. भाषा येत नव्हती हे एका परीने बरंच होतं. मला फक्त आवाज ऐकू यायचा. ‘स’ला शिट्टी आली की टाळूकडून केसभर घासायचं, पुन्हा हजेरी. जास्त घासलं की ‘स’ बोबडा व्हायचा, मग तिथे पुन्हा भर द्यायची. ‘फ’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठावर अलगद टेकली पाहिजे. ती आत रुतत होती, म्हणून पुढचे दात दोनदा आखूड केले. सातव्या मंगळवारी त्यांनी सगळा वर्ग हजर केला आणि एकदाही शिट्टी वाजली नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून घेतली, खात्रीसाठी.

प्रयोगाच्या आधी पाच दिवस हिरडीला जखम झाली. नव्या कवळीने अशी होते कधीकधी, पण त्यांची खोल होती. टोचणारी कड मी घासून दिली आणि तीन दिवस कवळी अजिबात घालायची नाही असं बजावलं. प्रयोग पुढे ढकला, असंही सुचवलं. त्यांनी मान हलवली, वाद घातला नाही. मुलीने नंतर सांगितलं, ते तीन दिवस ते बाल्कनीच्या दारापाशी उभे राहून दात नसताना, आवाज न काढता सगळं नाटक करत होते. चौथ्या दिवशी जखम भरत आली होती.

प्रयोगाला मी गेले. साठ-सत्तर खुर्च्यांचं सभागृह, मी तिसऱ्या रांगेत. बसले ती परीक्षेला बसल्यासारखी. ते आले, रजिस्टर उघडलं, पहिलं नाव घेतलं आणि माझे कान ‘स’वर लागले. पहिलं नाव ठीक. दुसरं ठीक. प्रत्येक नावानंतर ते थांबायचे, रिकाम्या बाकाकडे बघायचे. कुणाला रागवायचे, एकीला जवळ बोलावून तिचा मफलर बांधून द्यायचे, आणि तिथे नसलेल्या मफलरची गाठ मला दिसायची. किती नावं झाली कुणास ठाऊक. मग एका नावाशी ते आले, श्वास घेतला, वरचे दात खालच्या ओठावर टेकवले, म्हणजे नाव ‘फ’चं होतं, आणि पुढे आवाज निघाला नाही. दात तसेच ओठावर. सभागृहात कुणी हललं नाही. त्या मुलाचं काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही. ओठ सोडला, पेन्सिलीने रजिस्टरमध्ये एक खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. माझ्या शेजारची बाई रडत होती. मीही रडत होते, आणि मला भाषाही येत नव्हती.

नाटक संपल्यावर आत गेले. ते स्टुलावर बसले होते, घामाने शर्ट भिजलेला. त्यांनी एकच विचारलं: “‘स’ कसा होता?”

“तिसऱ्या नावानंतर मी ऐकलाच नाही,” मी म्हणाले. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला आणि मुलीला म्हणाले की ही पावती मी जपून ठेवणार आहे.

त्या नाटकाचे पुढे ऑटवा आणि सडबरीला प्रयोग झाले. मॉन्ट्रियललाही एक झाला, जुन्या नाट्यगृहात, जिथे बेसमेंटमध्ये आता दुसरंच कुणी शिवत होतं. माझ्याकडे त्यांच्या ओळखीने तीन-चार वयस्क नट-नट्या आणि चर्चमध्ये गाणारा एक म्हातारा आला. मंडळात आता कुणी ‘डॉक्टर’ म्हणालं तर मी सांगते की मी कवळ्या बनवते, आणि समोरचा माणूस जरा रिकामा असेल तर कशा बनवते तेही सांगते.

गेल्या वसंतात त्यांचा फोन आला. सिनेमात काम मिळालं होतं, दोन दिवसांचं. एका बंदरावरचा म्हातारा, एकही संवाद नाही, आणि दिग्दर्शकाला तो बोळका हवा होता. दोन दिवस कवळी काढून ठेवली तर चालेल ना, असं ते मला विचारत होते. मी म्हटलं चालेल, पाण्यात ठेवा. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि त्यासाठीच फोन केला होता हे मला कळलं: बिनदाताचा माणूस पाव कुठल्या बाजूने चावतो, आधी ओला करतो का, आणि चावताना हनुवटी किती वर येते? माझे बरेच पेशंट तसे येतात, तेव्हा मी पाहिलं असेल, असं त्यांना वाटत होतं. मी क्लिनिकचं दार लावलं, खुर्चीत बसले, आणि मला जेवढं आठवत होतं तेवढं सगळं त्यांना सांगितलं. अर्धा तास लागला. ते लिहून घेत होते.