सईचा बाप

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बहिणीपाशी नाही, आईपाशी नाही, देवापाशीही नाही — तो सगळं जाणतो म्हणतात, मग त्याला वेगळं काय सांगायचं? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी जमेल असं वाटतंय. एरवी मी बोलण्यात कुणाला हार जाणारी बाई नाही. महाडच्या बाजारात माझा कम्प्युटर क्लास होता आणि पोरं मला मागून 'फौजदारीणबाई' म्हणायची. मला ते आवडायचं. पण या एका गोष्टीपाशी आले की दातखीळ बसते.

तर — कुठून सुरू करू? इंटरनेटपासून करते. ती बाजू त्यातल्या त्यात सोपी आहे.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची ही गोष्ट. एका वेबसाइटवर मी आपल्या भागातल्या लोकांची कम्युनिटी काढली होती, महाड-पोलादपूरकरांची. मुंबई, पुणे, आखात, जिथे जिथे आपली माणसं पोटासाठी गेली होती, तिथून ती तिथे गप्पा मारायला यायची. गणपतीला कोण कधी येणार, हायवेला कुठे खड्डे पडलेत, दासगावला कोणते मासे आले. कुणी काय बोलायचं आणि कुणाला हाकलायचं ते माझ्या हातात होतं. एखाद्याला हाकललं की मला दिवसभर बरं वाटायचं. असा माझा स्वभाव.

धाकटी बहीण सुजू तेव्हा माहेरी होती. तिचा नवरा महेश कापड्याचा, पोलादपूरच्या पुढचा. ठाण्याला टेम्पो चालवायचा. दोघांचं पटत नव्हतं. एकदा माझ्यादेखत त्याने तिच्या थोबाडीत मारली. मी तिथल्या तिथे तिची बॅग भरली आणि तिला नि सईला घेऊन महाडला आले. सई त्यांची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची होती. ती एक थोबाडीत मी पुढे लोकांना इतक्यांदा सांगितली, की ऐकणाऱ्याला वाटावं तो माणूस रोज मारत होता. सुजू मला थांबवायची नाही. ती कुणालाच थांबवायची नाही.

सई माझ्याजवळ झोपायची. माझं लग्न झालेलं नाही — राहून गेलं म्हणा, केलं नाही म्हणा. झोपेत तिचा पाय माझ्या पोटावर यायचा आणि मी तो काढायची नाही. मनात यायचं, ही माझीच असती तर काय बिघडलं असतं कुणाचं? हे लिहितानाही मान वर होत नाही.

एका गुरुवारी महेश शाळेत आला आणि सईला घेऊन गेला. बाईंनी सोडली. का नाही सोडणार? बाप समोर उभा होता आणि पोरगी 'पप्पा' म्हणत धावत सुटली होती.

मी क्लासात बसून कम्युनिटीवर लिहिलं. खरं खरं लिहिलं — माझ्या भाचीला तिच्या वडिलांनी न विचारता शाळेतून नेलंय, कुठे आहे कळत नाही, कुणाला दिसली तर सांगा. मला वाटलं, माझी माणसं आहेत, धावून येतील. काय उत्तरं आली असतील? 'बाप आहे तो, चोर नाही.' 'नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं?' 'घरचं धुणं इथे कशाला धुता ताई?' दुबईत बसलेल्या एका शहाण्याने विचारलं, तुमची बहीण एवढी माहेरी का राहते, आणखी काही भानगड आहे का? त्याखाली चौघांनी हसरे चेहरे टाकले. माझ्याच घरात, मीच बसायला जागा दिलेले लोक.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ती सगळी चर्चा पुसून टाकली. मग एका पुरुषाच्या नावाने नवीन खातं उघडलं आणि पुन्हा लिहिलं — महाडमधून पाच वर्षांची मुलगी पळवली आहे. पळवणाऱ्याचा फोटो सोबत. दिसल्यास पोलिसांची वाट बघत बसू नका.

'वडील' हा शब्द मी लिहिला नाही. बाकी एकही अक्षर खोटं नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं.

फोटो सईच्या वाढदिवसाचा होता. महेश तिचा हात धरून केक कापतोय, डोळे अर्धवट मिटलेले, कारण कुणीतरी हसवलं होतं. मी सईला कापलं, केक कापला, मागचे फुगे कापले. राहिला एक माणूस, वेडावाकडा चेहरा केलेला, हातात सुरी. केकबरोबर फुकट मिळते ती प्लॅस्टिकची. पण छोट्या फोटोत कुणाला कळणार होतं? पहिलंच उत्तर आलं — 'हरामखोराच्या हातात सुरी पाहा.' ते मी दहादा वाचलं.

आणि मग माझी माणसं धावून आली. ज्यांना आदल्या दिवशी घरचं धुणं नको होतं, तेच आता रक्त मागत होते. हात तोडा, उघडा करून फिरवा, जिवंत सोडू नका. एकजण म्हणाला, ही टोळी असणार, त्याच्या गावाजवळही एक पोर असंच गेलं होतं. त्या दुबईवाल्याने तर बक्षीस लावलं. कुणीतरी फोटो छापून महाडजवळच्या वीर स्टेशनच्या बाहेर, रिक्षा उभ्या राहतात तिथे चिकटवला. पोलादपूरच्या एसटी स्टँडवरही. मी कुणालाही हाकललं नाही.

रविवारी दुपारी मी वीरला गेले. का गेले, ते थोडं पुढे सांगते.

पॅसेंजर आली. उतरणारे मोजकेच होते. महेशच्या खांद्यावर बॅग होती आणि बोट धरून सई — नवा फ्रॉक, पावडर लावलेली, हातात अर्धा खाल्लेला वडा. मला पाहून ती हसली. महेशही हसला, जरा ओशाळून, चूक केलेल्या माणसासारखं.

मी तिथेच, मोकळ्या प्लॅटफॉर्मवर, जीव खाऊन ओरडले — "पोर पळवणारा! धरा त्याला!"

रिक्षावाले बाहेरून धावत आले. पण आले आणि थबकले. सई त्याला बिलगली होती. एवढी चिकटलेली पोर पाहून एकजण म्हणालासुद्धा, "बापच दिसतोय ना रे ह्यो." बघा, किती सोपं होतं. मी नुसतं गप्प राहिले असते, तरी निभावलं असतं.

मी पायातली चप्पल काढली आणि महेशच्या तोंडावर मारली.

तुम्ही आपल्याकडचे असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, बाईने चप्पल काढली की पुढे कुणी काही विचारत नाही. ती परवानगी असते. मलाही हे माहीत होतं. पहिल्या चपलेनंतर तो माणूस माझा राहिला नाही, सगळ्यांचा झाला.

त्याला केसांना धरून खाली पाडला. लाथा बरगड्यांवर बसायच्या तेव्हा त्याच्या तोंडून हवा गेल्यासारखा आवाज यायचा. कुणी पट्टा काढला होता. पट्ट्याचं बक्कल डोळ्यावर बसलं आणि त्याने उजवा हात चेहऱ्यावर धरला, तर एकाने रिक्षातून जॅकचा दांडा आणून त्या हातावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. गाडीतून उतरलेला, हातात मिठाईचा खोका असलेला एक सद्गृहस्थ — खोका बाजूला ठेवून आला, दोन लाथा मारल्या, खोका उचलून निघून गेला. येईल त्याने हात धुऊन घेतले.

सईला मी उचलून घेतली होती. तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं होतं, दिसू नये म्हणून. ती किंचाळत होती, पप्पा, पप्पा. एक म्हातारी म्हणाली, "बघ गो, पोरीला कसा शिकवून ठेवलाय." सईने माझ्या खांद्याला चावा घेतला, रक्त येईपर्यंत. मी दाबून धरलीच.

आणि महेशने, खालून, एका डोळ्याने मला शोधलं. "ताई," तो म्हणाला, "सांगा ना ह्यांना, मी कोन हाय."

सगळे थांबले. खरंच थांबले, दांडावालासुद्धा. माझ्याकडे बघत राहिले. कुणीतरी विचारलं, "वळखता काय हो ह्याला?"

मी म्हणाले, "नाही."

मग पुन्हा सुरू झालं.

पोलीस आले तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. उजवा डोळा गेला. त्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत, टेम्पो सुटला. मी सुजूला सांगितलं, लोकांनीच पोर पळवणारा समजून धरलं, मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ती त्याला भेटायला दवाखान्यात जायचं म्हणत होती, मी जाऊ दिलं नाही. माझा फोटो, माझी चप्पल, यातलं तिला काही कळलं नाही. महेशने पोलिसांना सांगितलं, कुणी मारलं ते दिसलं नाही. माझं नाव त्याने घेतलं नाही. का घेतलं नाही? हा प्रश्न मी फार लांबवर नेत नाही, भीती वाटते.

त्या खोट्या खात्यावरून मी लिहिलं — मूल सुखरूप आहे, सर्वांचे आभार. लोकांनी महाडकरांच्या एकीचं कौतुक केलं.

आता मघाशी गाळलं ते. मी वीरला का गेले? कारण शुक्रवारी सकाळी महेशचा फोन आला होता, क्लासातल्या फोनवर. सई त्याच्या बहिणीकडे होती, ठाण्याला. तिथे घरात बारसं होतं, त्याला पोरगी सगळ्यांना दाखवायची होती. विचारलं असतं तर मी नेऊ दिली नसती, म्हणून न विचारता नेली, माफ करा म्हणाला. रविवारी दुपारच्या गाडीने वीरला आणून सोडतो. सुजूला निरोप दिला तेव्हा ती निवांत झाली, जेवली आणि झोपली.

मी क्लासात परत गेले आणि फोटो कापायला बसले. आधी नाही. फोनच्या नंतर. सई हरवलेली नव्हतीच. हे मला माहीत होतं. चूक, गैरसमज, घबराट — यातलं काहीच नव्हतं. त्याने पुन्हा कधी तिच्या शाळेच्या आसपास फिरकू नये, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती पुरी झाली.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुष्कळ होतं. संपलं नाही. दोनेक वर्षांनी एका दुपारी तो क्लासात आला. काळा चष्मा, उजवा हात खिशात. बसला नाही. म्हणाला, "ताई, लांबून बघू द्या. शाळा सुटताना. मी बोलणार पन नाय तिच्याशी." भांडला नाही, आवाज चढवला नाही. तो भांडला असता तर मला किती बरं झालं असतं!

मी खुर्चीतून उठलेही नाही. म्हणाले, "पुन्हा इथे दिसलास तर मी बाजारात उभी राहून ओरडेन."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा बाप्या माणूस, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मग निघून गेला. मी मशीन सुरू केलं आणि पुढची बॅच घेतली.

सुजू चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली. जाईपर्यंत ती म्हणायची, माझ्याशी पटत नव्हतं ते ठीक, पण पोरीसाठी तरी यायचं होतं त्याने. मी मान हलवायची. सई हेच ऐकत मोठी झाली. वीरचं तिला अंधुक आठवतं, गोंधळ, कुणाचा तरी ओरडा. पप्पांनी तिला पळवलं आणि मावशीने सोडवलं, असं तिला वाटतं. महेश कापड्याला असतो, भावाच्या घरी. महाडहून एसटीने तासाभराचा रस्ता.

सईचं लग्न ठरलंय. मुलगा चांगला आहे, घरही. गेल्या रविवारी आम्ही दोघी आमंत्रणाची नावं काढत होतो. कन्यादानाला मावशीच बसणार, दुसरं कुणी नको, असं ती सासरच्यांना ठणकावून सांगून आली होती. मग बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, खरं सांग हं. पप्पा मला भेटायला एकदाही आले नाहीत?"

मी म्हणाले, "नाही गं. एकदाही नाही."

तिने मान डोलावली आणि पुढचं नाव विचारलं.