वायरलेस दोनदा खाकरला

आधीच सांगतो, भुताखेताचं आपल्याला काय बी न्हाई. उलट भुताची नक्कल करून मी अख्खी गल्ली हसवलेली हाय. म्हणून हे लिहिताना माझंच मला कसंतरी व्हायलंय...

आष्टीच्या बाहेर मुरमाड माळावर जीपगाड्यांची रेस असती. मी तिथं फुकट टायमिंग घेतो — वडापाव, टोपी अन् हातात वायरलेस, अजून काय पाह्यजे? मी स्टार्टला, गॅरेजवाले तात्या फिनिशला. मधी टेकडी, एकमेकाला दिसत न्हाई. तात्या वायरलेसवर "गाडी आली, सोड" म्हणले की मगच पुढची गाडी सोडायची.

त्या दिवशी सकाळपासून मी तात्यांची नक्कल करून पोरं हसवायलतो. खरे तात्या कधी खाकरत न्हाईत. पण नकलेत मी आधी दोनदा खाकरायचो — तेवढा मसाला आपला!

दुपारी मुन्नाची गाडी गेली. लई वेळ झाला, तात्यांचा आवाजच न्हाई. मागं तात्यांचा भाचा रव्या गाडी रेस करत बसलेला. आधीच्या फेरीत माझी मोजणी संपायच्या आत त्यानं गाडी काढलती, म्हणून मी दंड लावलता. तापलेलाच होता.

"सोड बे!"

"तात्यांचा निरोप येऊ दे की."

"कावून? तुझ्या बापाची रेस हाय का?"

"न्हाई, तुझ्या मामाची हाय."

पोरं खदाखदा हसली. रव्या खाली उतरला अन् हेल्मेटच हाणलं माझ्या तोंडावर. पुढचा दात गेला. खाली पडलो तर वरून लाथा... वायरलेस लांब धुळीत. तोंडात रगत, माती. रव्यानं गाडीत बसून गिअर टाकला.

तेवढ्यात धुळीतला वायरलेस दोनदा खाकरला.

"रव्या, थांब. वळणावर मुन्ना आडवा हाय."

मामा समजून रव्यानं कचकन ब्रेक दाबला. पोरं मात्र माझ्याकडं बघायली. ते तात्या न्हवतेच... ती माझी नक्कल होती! अन् मी तर रगत थुकायलतो.

सगळे पळालो. टेकडीमागच्या वळणावर जीप उलटी, मुन्ना बाहेर फेकलेला, रस्त्याच्या मधोमध. मांडीचं हाड बाहेर, पण जित्ता. रव्या तिथंच ओकला.

फिनिशवरून तात्या धापा टाकत आले अन् मलाच कानाखाली ठेवून दिली. "अशा टायमाला माझी नक्कल करतो व्हय रे?"

मी नुस्तं तोंड उघडून दाखवलं. तात्यांचा हात तसाच राह्यला.

कोण बोललं? मुन्ना पडलेला कुणी बघितला? लई डोकं खाजवलं, आजपत्तोर उमगलं न्हाई. तवापासून तात्यांची नक्कल बंद... लग्नात पोरं पाया पडली तरी बंद.

परवा परत रेस होती. रव्याची गाडी लाईनवर, मी हात वर केलेला. वायरलेस वाजला. आधी दोनदा खाकरला, मग म्हणला, "गाडी आली, सोड."

माझा हात वरच राह्यला. रव्यानं माझ्याकडं बघितलं... अन् गुपचूप इंजिन बंद केलं.